कानामागचं दुखणं

गोल गरगरीत चेहरा, घुबडासारखे मोठ्ठे डोळे आणि टोपीसारखे डोक्याला चिकटलेले कान. स्कॉटिश फोल्डचा फोटो बघून मी पाघळते, आणि तुम्हीही पाघळाल!

हिचं माहेर स्कॉटलंड. १९६१ साली कूपर अँगसजवळच्या एका शेतावर विल्यम रॉस या मेंढपाळाला दुमडल्या कानांची पांढरी मांजरी दिसली. तिचं नाव सुझी. ही सगळी जात तिच्यापासूनची. पिल्लं जन्मतात सरळ कानांची. तीन-चार आठवड्यांत कान दुमडू लागतात. स्वभाव शांत, लाघवी, आवाजही मऊ. फ्लॅटसाठी एकदम परफेक्ट ना?

जरा थांबा. कान दुमडणारं जनुक कानापाशी थांबत नाही. ते अंगभर कूर्चा बिघडवतं. मग पायांचे आणि शेपटीचे सांधे आखडतात, दुखतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये मांजरांची नोंदणी करणाऱ्या जीसीसीएफ या संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीला दार बंद केलं. दुखणारं मांजर सहसा ओरडत नाही, नुसतं पडून राहतं. आणि आपण कौतुकाने म्हणतो, 'किती शांत आहे!'

फोटो मी बघत राहीन. पण घरी आणायचंच झालं, तर मला सरळ कानांचं, कपाटावर उड्या मारणारं मांजर हवं.