तालूचा अस्थिभंग, जबड्यांचे बंधन आणि वर्णोच्चार

वर्णांची स्थाने सांगताना व्याकरणकार तालू अचल मानतात. जीभ, ओठ व खालचा जबडा हे चल अवयव. कठीण तालू मात्र स्थिर राहून जिभेचा स्पर्श घेणारा. दुचाकीवरून तोंडावर पडलेल्या मनुष्याच्या बाबतीत हे गृहीत कधीकधी मुळातच ढळते. तालूच्या हाडाचे दोन भाग होतात, आणि उपचारासाठी जे बसवावे लागते ते नेमके वर्णोच्चाराच्या जागेवरच येते.

उपचाराचे मूळ तत्त्व साधे आहे. दात हाडात रुजलेले असतात. म्हणून वरच्या व खालच्या दातांची मूळची जुळणी परत आणली की मोडलेली हाडेही बव्हंशी आपल्या जागी येतात. सुश्रुताने मानेच्या वरील भागासाठी पंचांगी नावाचा बंध सांगितला असून निखळलेल्या हनुसंधीवर तोच बांधण्यास सांगितले आहे. मात्र तेथे आधार बाहेरून आहे. थॉमस गिल्मर या अमेरिकन शल्यविशारदाने १८८७ मध्ये वरचे दात खालच्या दातांशी तारेने बांधण्याची पद्धत मांडली, तेव्हा दात हाच आधार झाला. पुढे दोन्ही दंतपंक्तींवर धातूची आकडेदार पट्टी बसवून आकड्यांत तार किंवा रबर अडकविण्याची रीत रूढ झाली. हे बंधन साधारणतः चार ते सहा आठवडे ठेवीत. आता पट्ट्या व स्क्रू यांनी हाड प्रत्यक्ष जोडता येत असल्यामुळे हा काळ पुष्कळदा कमी करता येतो, क्वचित बंधन अजिबात लागत नाही.

परंतु तालूच्या बाबतीत केवळ जबडे बांधून भागत नाही, आणि हाच या विषयातील कळीचा मुद्दा होय. रेने ल फोर याने १९०१ मध्ये मृत शरीरांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याच्या अस्थिभंगाच्या तीन प्रमुख रेषा दाखविल्या. त्यांतील सर्वांत खालच्या रेषेवर हाड तुटले तर संपूर्ण तालू दातांसह एकसंध सुटते. अशा वेळी दंतपंक्ती अभंग असल्याने बंधन चांगले उपयोगी पडते. तालू उभे दुभंगले असेल तर गोष्ट निराळी. (प्रौढांत ही फट बहुधा नेमकी मध्यरेषेवर न पडता तिच्या शेजारच्या पातळ हाडात पडते.) दोन अर्धे बाजूंना फाकतात. तारांची ओढ दातांच्या शेंड्यांवर पडते. दात आत कलतात, वरचे हाड मात्र रुंदावलेलेच राहते. खालचा जबडाही हनुवटीपाशी मोडला असेल तर मापाला खात्रीचा आधारच उरत नाही, आणि चेहरा कायमचा रुंद होण्याचा धोका असतो. म्हणून दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचा नमुना करतात, तो फटीवर कापून योग्य मापात जुळवितात आणि त्यावर ॲक्रिलिकचा तालुपट्ट घडवितात. हा पट्ट तालूची रुंदी राखतो; जबड्यांचे बंधन दातांची जुळणी राखते. ही दोन कामे भिन्न आहेत.

आता भाषेकडे. जबडा स्थिर झाला म्हणून वाणी बंद होत नाही. दातांत ठोकळा धरून बोलणारे लोक जवळजवळ लगेच ओळखू येणारे स्वर काढतात, हे लिंडब्लॉम व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखविले. बांधलेल्या जबड्यांत ‘आ’ आखडतो, पण ओष्ठ्य वर्ण टिकतात, आणि ‘क’, ‘ग’ हे जिभेच्या मागील भागाने मृदुतालूपाशी होत असल्याने तेही टिकतात. खरी अडचण तालुपट्टाची. ‘चार’ यातील तालव्य ‘च’ आणि ‘चारा’ यातील दंततालव्य ‘च’ यांचा भेद ज्या थोड्याशा जागेत ठरतो ती पट्टाखाली झाकली जाते. ‘ट’, ‘ड’, ‘ळ’ यांचेही तसेच. कृत्रिम तालू बसवून जिभेचा स्पर्श मोजण्याची युक्ती ध्वनिशास्त्राने एकोणिसाव्या शतकात दंतवैद्यांकडूनच घेतली, हे येथे आठवावे. फट नीट न सांधता तालूला छिद्र राहिले तर हवा नाकावाटे निसटते आणि ‘प’, ‘ब’ हे ‘म’कडे झुकतात, हा दोष बंधन काढल्यावरही उरतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. दिंडोरीचा रुग्ण नाशिकला शस्त्रक्रिया करवून जबडे बांधलेल्या स्थितीत घरी परततो. रुग्णालय तेथून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर. उलटी झाल्यास ती बाहेर पडण्यास वाट नसते व श्वासमार्गात शिरण्याचा धोका असतो. म्हणून तारा कापण्याची कातरी जवळ ठेवावयास सांगतात. कातरी घरच्यांनी वेळेवर उचलावयाची, तर रुग्णाचा शब्द त्यांना कळला पाहिजे. ‘मळमळ’ या शब्दात ‘ळ’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा जीभ पट्टावर आपटते. ‘ओकारी’ या शब्दात मात्र ‘ओ’ ओठांचा, ‘क’ पट्टाच्या मागचा. एकटा ‘र’ बिघडला तरी शब्द ओळखू येतो. घरी पाठविण्यापूर्वी असा एक शब्द रुग्णाकडून दोनतीनदा म्हणवून घ्यावा आणि तो सोबतच्या माणसाला ऐकवावा. दिंडोरी तालुक्यात कोकणा समाजाचीही वस्ती आहे; त्या घरात यासाठी कोणता शब्द चालतो हे आधी विचारून घ्यावे. रात्री अंधारात किंवा पाठ वळलेली असताना हाक ऐकू जावी म्हणून उशाशी भांडे किंवा घंटी ठेवावी.