निजण्याचे पैसे

मराठवाड्यात रस्त्याकडेला ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली, म्हणून तिथे पाठ टेकता येईल असे समजू नका. तिथे चहा मिळतो, भजी मिळतात. झोपायचे तर ‘लॉज’ शोधायचे, आणि ते बहुधा एसटी स्टँडसमोर. मोटेल हा प्रकार जन्मला 1925 च्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावी. आर्थर हाइनमन यांनी मोटार आणि हॉटेल हे दोन शब्द जोडून ‘माइलस्टोन मो-टेल’ उघडले. दाराशी गाडी लावा, खोलीचे पैसे द्या, झोपा.

नांदेड-लातूर रस्त्यावर निजण्याचे पैसे मोजण्याची रीत रुजायला फार वेळ लागला.

हा रस्ता मात्र कायम वाहता होता. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइटची चिमुकली गाडी आली. नांदेड तेव्हा गोदावरीकाठच्या मीटरगेजवर होते. दोहोंना जोडणारा सरळ रूळ आजही नाही. आगगाडीने जायचे तर परभणी-परळीचा वळसा. म्हणून लोहा, अहमदपूर, चाकूर ही वाट बैलांनी आणि पुढे मोटारींनी तुडवली. लाल कंधारी आणि देवणी, दोन्ही नामांकित जाती याच मुलखातल्या. पण बैल कितीही खंदा असला तरी हे अंतर चार-पाच मुक्कामांचेच. जिथे पाणी, तिथे गाडी सोडायची. तीन दगडांची चूल, गाडीखाली घोंगडी. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष अमावास्येच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे विकायला येणारे लोक अजूनही जनावरांपाशीच पथारी टाकतात.

छप्पर होते ते साहेबांसाठी. डाक बंगल्यात खानसामा, पंखा, ऐसपैस व्हरांडा. पण आत जायला हुद्दा लागे. गाडीवानाने बंगला कुंपणाबाहेरून पाहायचा.

मोटार आल्यावरही फरक पडला तो वेगाचा. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्या आणि 166 माणसांनिशी बससेवा काढली. आजच्या आंध्र-तेलंगणच्या एसटीचे मूळ तेच. आपल्याकडच्या एसटीने तर गाडीलाच मुक्कामाला पाठवले! संध्याकाळी खेड्यात जाऊन पहाटे परतणारी ती ‘मुक्कामी गाडी’. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच आडवे होत, नाहीतर देवळात. भाडे कोण कुणाला देणार?

नांदेडला तर प्रश्नच वेगळा. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथे देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात विचारत नाहीत, बिलाची तर बातच सोडा. यात्रेकरूंसाठी मोठमोठे यात्री निवास झाले तरी ती पंगत तशीच आहे.

लंगर गुरूच्या नावाने चालतो, ढाबा गल्ल्यावर. तरी पैसे न घेता निजू देणे ढाब्यालाही जमले. ट्रकवाल्याने डाळ-रोटी खायची, त्याचे पैसे चुकवायचे आणि नवारीच्या बाजेवर आडवे व्हायचे. बाजेचे वेगळे भाडे नाही. मालकाचा हिशेब साधा: झोपलेला माणूस उठल्यावर चहा घेणारच.

आता हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग 361 झाला आहे, तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीपर्यंत. चौपदरी रस्त्यावरून लातूर ते नांदेड दोन-अडीच तासांत. मधे मुक्काम करायचे कारणच उरले नाही. पाट्यांवर आता ‘फॅमिली गार्डन’ आणि ‘एसी रूम’ दिसतात. मागच्या अंगाला, टायर-पंक्चरवाल्याच्या टपरीशेजारी, दोन-चार बाजा मात्र अजून असतात. आणि दुपारी त्या रिकाम्या नसतात.