फुले सर्वांची : टोकियोचा सकुरा आणि आपला बहावा

मार्च संपत आला की जपानमधल्या गुलाबी-पांढऱ्या झाडांचे फोटो आपल्या मोबाईलवर फिरू लागतात. ही झाडे म्हणजे सकुरा. त्यांच्याखाली बसून बहर पाहण्याच्या प्रथेला 'हानामी' म्हणतात. हाना म्हणजे फूल, मी म्हणजे पाहणे. जपानमध्ये बौद्ध परंपरा खोलवर रुजलेली असल्याने आपल्या तरुणांना याचे आकर्षण वाटते. पण हानामीतून आपण काय घ्यायचे आणि काय नाकारायचे, हे समजून घेतले पाहिजे.

बहर किती दिवसांचा?

टोकियोत सरासरी २४ मार्चला पहिली फुले उमलतात आणि ३१ मार्चच्या सुमारास झाडे पूर्ण बहरात येतात. त्यानंतर आठवडाभरात पाकळ्या गळून जातात. हवामान खात्याने एक नमुना झाड ठरवलेले आहे. त्यावर पाच-सहा फुले दिसली की शहरात बहर सुरू झाल्याचे जाहीर होते. शहरातली बहुतेक झाडे 'सोमेई योशिनो' या एकाच जातीची आणि कलमे करून वाढवलेली आहेत, म्हणून ती एकाच वेळी फुलतात. पुढे ८ एप्रिलला तिथे 'हाना मात्सुरी' म्हणजे पुष्पोत्सव होतो. तो तथागतांच्या जन्माचा सण. त्या दिवशी विहारांत बालसिद्धार्थाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात.

फुले कुणाची?

सुरुवातीला हानामी ही दरबारी चैन होती. सम्राट सागा यांनी ८१२ साली भरवलेल्या पुष्पमेजवानीची नोंद सापडते. अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने याने सुमिदा नदीचा काठ आणि आसुकायामा टेकडी येथे सकुरा लावून ते सामान्य लोकांसाठी खुले केले. उएनो येथील कान्एई-जी या बौद्ध मंदिराचा परिसर १८७३ साली सार्वजनिक उद्यान झाला. आज तिथे तिकीट नाही. चादर अंथरायची, घरचा डबा उघडायचा, सोबत बसायचे. फांदी मोडायची नाही आणि जाताना कचरा बरोबर न्यायचा.

योशिमुने समतावादी मात्र नव्हता. त्याच्या काळी जपानात जन्मावर आधारलेल्या श्रेणी होत्या आणि अस्पृश्य मानलेले समूहही होते. तिथे राज्यकर्त्याने बाग खुली केली. इथे १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी स्वतः ओंजळीत घेतले. सार्वजनिक जागेवर निवांत बसणे हासुद्धा समतेचाच भाग आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अनित्यतेचा चुकीचा अर्थ

सकुरा लवकर गळतो म्हणून तो अनित्यतेचे प्रतीक मानला जातो. पण याच प्रतीकाचा लष्करशाहीने वापर केला. फुलासारखे गळून पडा, सम्राटासाठी मरा, असे तरुणांना सांगितले गेले. दुसऱ्या महायुद्धात आत्मघाती हल्ल्यासाठी बनवलेल्या विमानाचे नावच 'ओका', म्हणजे सकुराचे फूल, असे ठेवले होते.

हा धम्म नव्हे. कुशीनारा येथे तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी शालवृक्ष अवेळी फुलले आणि त्यांच्यावर फुले पडली, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. तेव्हा तथागतांनी आनंदाला समजावले की खरी पूजा फुलांनी होत नाही, धम्माच्या आचरणाने होते. सर्व संस्कार नाशवंत आहेत, म्हणून अप्रमादाने प्रयत्न करा, हा त्यांचा अखेरचा उपदेश. अनित्यता आपल्याला मरायला सांगत नाही, जागे राहायला सांगते.

क्रांती चौकातून पाहताना

विक्रोळीच्या द्रुतगती महामार्गावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणाऱ्या गुलाबी झाडांना लोक 'मुंबईचा सकुरा' म्हणतात. ती टॅबेबुया, मूळची अमेरिका खंडातली. आपल्या मराठवाड्यात फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात कडुनिंबाचा बारीक मोहर रस्त्यावर सांडतो आणि वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. म्हणजे भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा काळ हाच आपला बहर.

क्रांती चौक आपल्याला मोर्चांसाठी माहीत आहे. तिथून काही किलोमीटरवर नागसेनवन आहे. १९५० साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद राजाचे आणि परिसराला भन्ते नागसेनांचे नाव दिले. शिक्षणसंस्थेला 'वन' म्हणणे ही वेळुवन-जेतवनाची आठवण आहे.

म्हणून या वर्षी तीन कामे करू या. जयंतीचे फलक झाडांना खिळ्यांनी ठोकायचे नाहीत. दोरीने बांबूला बांधायचे. आपल्या वस्तीतले बहावे, पळस, पिंपळ यांची यादी करायची आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायचे. १९७५ च्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा कुऱ्हाड दिसली की परवानगीचा कागद मागायचा.

आणि एका संध्याकाळी आई-वडील, शेजारी, लहान मुले यांच्यासह बहाव्याखाली चादर अंथरून बसायचे. टोकियोला जायला पैसे लागतात, बहाव्याखाली बसायला लागत नाहीत. फक्त तो बहावा तोवर उभा असला पाहिजे.