वर्गातला गलका

एखाद्या वर्गातून गलका ऐकू आला, की ‘गुरुजी आले नाहीत वाटतं’ असं आपण सहज म्हणून जातो. शांत वर्ग तो चांगला वर्ग, ही आपली समजूत जुनी आहे. मुलांचं बोलणं हेही शिकण्याचंच साधन आहे, हे त्यामुळे ध्यानात येत नाही.

दशांश अपूर्णांक घ्या. ०.५ मोठा की ०.२५? पुष्कळ मुलं ०.२५ सांगतात. पाचापेक्षा पंचवीस मोठे, हा त्यांचा हिशेब. (मोठी माणसं ‘शून्य पूर्णांक पंचवीस’ असं वाचतात, त्यानं या गैरसमजात भरच पडते.) वहीवर फुली पडते आणि विषय संपतो. पण ‘तुला असं का वाटलं, ते शेजारच्याला सांग’ म्हटलं, तर शेजारचा विचारतो, ‘अर्धा मीटर कापड जास्त, की पाव मीटर?’ मूल अडखळतं. ‘म्हणजे... पाच नाही, पन्नास सेंटिमीटर...’ वाक्य पुरं होत नाही, पण माझ्या मते गणित तिथंच कळू लागलेलं असतं. विचार बोलता बोलता घडत जातो, असं मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडलं, ते हेच.

मग मुलं गप्प का? अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. १९७४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण फळ्यापुढे उभं राहून ते काढून पाहावेत!

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. घरी वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारं मूल ‘पानी तापलं की वाफ होते’ म्हणालं, तर आधी ‘पानी नाही, पाणी’ अशी दुरुस्ती होते. वाफ राहते बाजूला. असं दोन-तीनदा झालं, की ते हात वर करायचं सोडतं. प्रमाण मराठी शिकवावीच, पण त्या क्षणी नव्हे.

‘साठ मुलांच्या वर्गात हे जमायचं कसं?’ असं शिक्षक मला विचारतात. प्रत्येकाला बोलतं करणं अवघडच. पण एका बाकावरच्या दोघांनी दोन मिनिटं एकमेकांना सांगावं, मग तीन-चार जोड्यांनी वर्गाला. त्या दोन मिनिटांत गलका होणार. तेवढा शेजारच्या वर्गानं चालवून घ्यावा.