उमटा हळूच, पण उमटा तरी

देवळाली प्रवरात बसून वांबोरी उपबाजारातला कांद्याचा भाव मोबाइलवर शोधायचा, तर एखाद्या संकेतस्थळावर आधी नखरे बघावे लागतात. पान उघडतं ते कोरं. मग शीर्षक अलगद उमटतं, मग कांद्याचं चित्र. भाव सगळ्यात शेवटी.

हळूच उमटवण्याची ही हौस जुनीच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका'चे, म्हणजे जादुई कंदिलाचे, खेळ सुरू केले. काचेवरची रंगीत चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर यायची. एक दिवा मंद करून दुसरा वाढवायचा, की चित्र चित्रात विरघळतं, हे तेव्हाच्या जादुई कंदिलवाल्यांचं तंत्र. ब्राउझरमध्ये तेच काम 'ओपॅसिटी' करते: शून्य म्हणजे अदृश्य, एक म्हणजे ठळक. ती बदलताना पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही, म्हणून साधा फोनही अडखळत नाही. उंची किंवा समास हलवायला गेलात, तर दर चौकटीला (फ्रेमला) हिशेब नव्याने, आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर एकीला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. उमटायला पाव सेकंद पुरे. त्यापुढे ती मिरवणूक.

खरी मेख शून्यात आहे. ओपॅसिटी शून्य केलेलं बटण दिसत नाही, पण असतं. कीबोर्डची टॅब त्यावर जाते, स्क्रीन रीडर ते वाचतो. ते खरोखर लपवायचं तर सोबत 'व्हिजिबिलिटी'ही बंद हवी. त्याहून वाईट म्हणजे लपवणारी ओळ पोचली आणि दाखवणारी स्क्रिप्ट कमकुवत नेटवर्कमध्ये अडकली, तर भाव कायमचा गडप. म्हणून मजकूर मुळात दिसताच ठेवावा. स्क्रिप्ट आली तरच तिने खेळ करावा.

शिवाय हलत्या पडद्याने काहींना भोवळ येते. २०१३ मध्ये आयफोनच्या नव्या हालचालींनी मळमळतं अशा तक्रारी झाल्या. २०१७ पासून सफारी ब्राउझर 'हालचाल कमी' ही वापरणाऱ्याची पसंती संकेतस्थळाला कळवू लागला. नुसतं उमटणं सहसा बाधत नाही, खालून सरकत किंवा फुगत येणं बाधतं. ही पसंती कळवणाऱ्यांसाठी ते काढून टाकावं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, तेव्हा ही आता नुसती सौजन्याची बाब उरलेली नाही.

संकेतस्थळ करून घेणाऱ्या पतसंस्थेने वा नगरपरिषदेने बिल चुकतं करण्याआधी अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये अ‍ॅनिमेशन बंद करून पान उघडावं. मग संगणकावर माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने फिरून बघावं.