पार्किन्सनचा थकवा सलाईनच्या बाटलीनं जात नाही

घरात पार्किन्सनचा रुग्ण असेल आणि तो दुपारीच गळून पडायला लागला, की नांदेड-लातूरकडं सल्ला ठरलेला असतो: अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून आणा. मग बाटलीत पिवळं औषध सोडलं जातं, सोबत ताकदीची लाल सुई दिली जाते आणि दोन दिवसांनी माणूस पुन्हा तसाच बाजेवर पडलेला दिसतो. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा सलाईनच लावली जाते. हाताची थरथर हा आजार आणि थकवा म्हणजे शरीराला काहीतरी कमी पडलंय, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. ती मुळातच चुकीची आहे. या विषयावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पार्किन्सनच्या साधारण निम्म्या रुग्णांना थकवा असल्याचं दिसलं. त्याहून बोलका पुरावा अमेरिका-कॅनडातल्या एका जुन्या चाचणीत मिळतो. आजार नुकताच कळलेले आणि त्यासाठी अजून औषधाची गरज न पडलेले रुग्ण तिच्यात घेतले होते. त्यांच्यातही एक तृतीयांशाहून अधिक जण सुरुवातीलाच थकलेले होते. स्नायू झिजलेले नाहीत, आजार कोवळा आहे, तरी थकवा आहे. म्हणजे तो आजाराचाच भाग आहे. हालचाल सुरू करायला आणि चालू ठेवायला मेंदूला डोपामिन लागतं. ते कमी पडलं की सदऱ्याची बटणं लावण्यासारखं कामही चढण चढल्यासारखं होतं. याच चाचणीत लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध घेणाऱ्यांचा थकवा न घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढला. तेव्हा "या गोळ्यांनीच माणूस गळून जातो" म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा. लेव्होडोपा एकदम तोडली तर अंग ताठरून ताप चढू शकतो आणि तो जिवावर बेततो.

आता त्या बाटलीचा हिशेब मांडू. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते. त्यातून शंभर कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. ज्वारीची एक भाकर याच्या दुपटीहून जास्त देते. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असतं. पिवळा रंग बी-२ या जीवनसत्त्वाचा आणि सुईचा लाल रंग बी-१२चा. त्या लाल रंगाचा रक्त वाढण्याशी संबंध नाही. शरीराला नको असलेलं बी-२ लघवीवाटे निघून जातं, म्हणूनच नंतर लघवी पिवळीधमक होते. यावर हमखास येणारा आक्षेप असा की, सलाईन लावल्यावर बरं तर वाटतं. वाटतं, हे खरं आहे आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हातारी माणसं पाणी कमी पितात आणि पार्किन्सनमध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब घसरण्याची प्रवृत्ती मुळातच असते. अशा माणसाला अर्धा लिटर पाणी शिरेतून मिळालं तर तरतरी येणारच. पण तेवढं पाणी तांब्यातूनही मिळालं असतं. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं असेल तिथं सलाईन लागतेच, तिला माझा विरोध नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. २००१ साली 'सायन्स' या नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. पार्किन्सनच्या सहा रुग्णांना औषधाऐवजी नुसत्या सलाईनचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूचा स्कॅन काढला. औषध मिळालं असेल या अपेक्षेनंच त्यांच्या मेंदूत डोपामिन स्रवलं होतं. २०१६ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या थकव्यावर अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली. तिच्यात खऱ्या सुया आणि खोट्या सुया या दोन्हींनी थकवा सारखाच कमी झाला. रुग्ण ढोंग करत नाही, त्याला खरोखर बरं वाटतं. पण ते बाटलीतल्या औषधामुळं नसतं. आणि या बऱ्या वाटण्याची किंमत मोजावी लागते. सलाईनसोबत मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं गेलं तर ते मेंदूतल्या डोपामिनचंच काम अडवतं आणि पार्किन्सन वाढवतं. चक्करेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या गोळ्यांचंही तेच. दवाखान्यात शिरताच आजाराचं नाव सांगायला हवं, ते याचसाठी.

"व्हिटॅमिनं घेतली तर बिघडतं काय?" हा पुढचा प्रश्न. कमतरता मोजून दिलेली व्हिटॅमिनं उपयोगीच असतात. लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात माणूस शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल, तर ते तपासलंच पाहिजे. पण न मोजता घेतलेल्या गोळ्या निरुपद्रवी नसतात. लोहाची गोळी लेव्होडोपाला आतड्यात बांधून ठेवते आणि तिचं शोषण कमी करते. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. म्हणजे ताकदीसाठी घेतलेली गोळीच थकवा वाढवू शकते. डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक म्हणून लिहून दिलेली असते. ती महिनोन् महिने, कधी तर रोज घेतली, की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्याची लक्षणं म्हणजे बद्धकोष्ठ, गोंधळलेपण आणि पुन्हा थकवाच. मोठ्या डोसनं मूळ आजार थोपवता येईल का, हेही नीट तपासून झालंय: ई जीवनसत्त्व आठशे रुग्णांत (१९९३), कोएन्झाइम क्यू-टेन सहाशे रुग्णांत (२०१४), क्रिएटिन सतराशेहून अधिक रुग्णांत (२०१५). तिन्ही ठिकाणी फायदा शून्य. बी-१च्या इंजेक्शनांचा दावा आहे तो इटलीतल्या पन्नास रुग्णांच्या अभ्यासावर. त्यात तुलनेसाठी खोटं इंजेक्शन घेणारा गटच नव्हता. वरचा सलाईनचा प्रयोग वाचल्यावर असा अभ्यास पुरावा म्हणून का चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खुद्द थकव्यावरची खास गोळी मात्र आज नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यानं उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला. रासाजिलीन या पार्किन्सनच्याच गोळीचा थोडा उपयोग दिसला आहे, मोडाफिनिल दिवसाच्या झोपाळूपणासाठी दिलं जातं, आणि थकवा व झोप या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. म्हणून हात बांधून बसायचं असं नाही. थकवा कधी येतो ते पाहिलं तर पुष्कळ उलगडतं. गोळीचा असर उतरताना येत असेल तर वेळा बदलून फरक पडतो. उभं राहिल्यावर येत असेल तर रक्तदाब पाहावा. याखेरीज रक्तक्षय, थायरॉइड, रात्रीची मोडलेली झोप आणि नैराश्य ही कारणं शोधावी लागतात. त्यातलं नैराश्य तर आपण वयावर ढकलून मोकळे होतो.

काही लहान समजही सोबत निकाली काढू. बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-६नं लेव्होडोपा वाया जाते, हे कार्बिडोपा या जोड-औषधाशिवायच्या जुन्या गोळ्यांपुरतं खरं होतं. आजच्या गोळ्यांत कार्बिडोपासारखं औषध असतंच. कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी आयुर्वेदिक आहे म्हणून गोळीसोबत कितीही चालतं, हे चूक. त्यात लेव्होडोपाच असते आणि डोस दुप्पट होऊ शकतो. वरण बंद करा, हेही चूक. तुरीतली प्रथिनं शोषणात आड येतात म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, वरण खावं. पूर्ण विश्रांतीनं थकवा जातो, हे तर उलटंच आहे. रोजचं झेपेल तेवढं चालणं सोडू नये.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय रुग्णालयात जा, नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं. पण जाताना आठ दिवसांची वही सोबत न्या. गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता झालं, थकवा किती वाजता आला, एवढ्या तीनच नोंदी पुरे. आणि सलाईन मागण्याआधी रक्तदाब एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा.