बोट बसलं, आता वाकवा!

मामेभावाच्या लग्नासाठी भंडारा जिल्ह्यात गेले होते. पवनीजवळचं गाव, धान कापून मोकळी झालेली बांधी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. कॅच घ्यायला धावले आणि बॉल थेट डाव्या अनामिकेच्या टोकावर! खाली बघते तर मधल्या सांध्यापासून बोट पायरीसारखं वर चढलेलं. पुढच्या आठवड्यात दोन डेडलाईन्स आणि मी दहाही बोटांनी टाईप करणारी. डोक्यात एकच शब्द... ऑपरेशन.

"आणा इकडं, वढून देतो," एक काका सरसावले. "हात नका लावू वो!" मामी ओरडली. तिने आधी साबण लावून माझी साखरपुड्याची अंगठी काढली. सूज चढली की अंगठी रुतते, रक्तपुरवठा अडतो आणि मग ती कापावीच लागते. मामी रॉक्स!

फडक्यात बर्फ गुंडाळून भंडाऱ्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पोचलो. पहिला एक्स-रे. दिसतंय की निखळलंय, मग फोटो कशाला? तर सोबत हाड मोडलंय का, हे बाहेरून कळत नाही. शिवाय कधीकधी फाटलेला लिगामेंट सांध्यात अडकतो. तेव्हा कितीही ओढा, बोट बसत नाही, ऑपरेशनच लागतं. माझं बोट मागच्या बाजूला सरकलं होतं, म्हणजे सगळ्यात कॉमन प्रकार. बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन, हलका ताण, अंगठ्याने एक दाब... टक्! पुन्हा एक्स-रे. चिरफाड नाही, टाका नाही.

मला वाटलं, संपलं. छे! शेजारच्या बोटाला टेपने बांधून तीन आठवडे आणि त्या जोडीतच रोज हळूहळू वाकवायचं. मी अतिशहाणी, घाबरून आठवडाभर बोट काठीसारखं ताठ ठेवलं. फॉलोअपला बोलणी खाल्ली. मधला सांधा फार पटकन आखडतो म्हणे आणि आखडला की सोडवायला महिने जातात.

नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा आठवतोय? ७ डिसेंबर २०२२, मिरपूर. कॅच घेताना अंगठा निखळला, टाके पडले, तरी नवव्या नंबरवर येऊन २८ बॉलमध्ये नाबाद ५१! पण तोही आधी स्कॅन करून आला होता, बरं का. शेतातल्या काकांकडून नाही.

तीन महिने झाले. मूठ वळते, टायपिंग सुसाट. सांधा मात्र अजून जाडच आहे, त्यामुळे अंगठी सध्या गळ्यातल्या चेनमध्ये. होणाऱ्या सासूबाईंना पुरावा म्हणून एक्स-रे दाखवून झालाय.